टेलिफोनवरचा उखाणा

माह्या सासूचं म्हणणं असं होतं का भिलाई हे काही गाव नाही. जिथं नदी नाही, आमराई नाही, नुसती लाल धूळ अन् पोलाद कारखान्याचे भोंगे, तिथं बाईमाणसानं राहून करायचं काय? भिलाईतल्या रुआबांध्याच्या आमच्या एका खोलीत ती चार दिवसांसाठी म्हून आली होती, अन् पितृपक्ष आला तरी तिथंच होती. तिचं नाव तुळसाबाई. साकोलीजवळच्या आमच्या गावात तिच्या तोंडाले पाटीलही लागत नव्हता. दिवाळीच्या आधी धान कापायले येते, तवा सून शेतावर पाहिजे, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पोरानं भट्टीवर काम करावं, मेसमध्ये जेवावं अन् सणावाराले गावी यावं. सगळ्यांच्या बायका गावीच आहेत, तुलेच काय सोनं लागलं, असं ती मले रोज विचारे.

आता माहं ऐका. लग्नाले वरीस झालं नव्हतं, अन् त्यातला अर्धा काळ मी गावात चिखलात धानाचा रोवणा करण्यात काढला होता. भिलाईत आली तवा कुठं मले समजलं का आपला नवरा हसते, गाणं गुणगुणते, भाजीत मीठ कमी असलं तं गपचूप खाऊन घेते. असा माणूस टाकून मी वापस जाऊ? मी साफ सांगतलं, मी नाही जात. सासू म्हणे, खोलीत बसून करून काय राहिली तू? हे मले लय झोंबलं, अन् रागाच्या भरात मी म्हणून बसली का मी नोकरी करीन.

उचलली जीभ अन् लावली टाळ्याले. पण माह्या नवऱ्यानं ते धरून ठेवलं. कारखाना वाढून राहिला होता, भट्टीवर फोन, कोक ओव्हनवर फोन, गेटावर फोन, अन् ते सगळे जोडायले एक्स्चेंजमध्ये माणसं कमी पडून राहिली होती. बायकांचा आवाज तारेतून साफ जाते, असं कोण्या साहेबाच्या डोक्यात आलं होतं. आठवी पास चालत होती. मी आठवी पास होती, कावून का शाळा घरासमोर होती अन् माय हाक मारे तवा मी अर्ध्या धड्यातून घरी येऊ शकत होती. पण एक भानगड होती. इंग्रजीची परीक्षा द्या लागत होती. साहेब इंग्रजी शब्द विचारीन, अर्थ सांगायचा, मंग चार गोष्टी इंग्रजीत बोलून दाखवायच्या.

सासूनं शर्त घातली. नोकरी लागली तं राहा. नाही लागली तं माह्यासंग गाडीत बस. तिले आपल्या जितण्याची एवढी खात्री होती का तिनं दुर्गच्या बाजारातून माह्यासाठी एक नवा विळा आणला अन् दाराजवळच्या खिळ्याले टांगला. जाता-येता तो विळा मले दिसे. अंगाचा तिळपापड होत होता माहा, पण बोलता काय येते?

इंग्रजी शिकवायले चारुलताबाई भेटल्या. दुर्गात पिढ्यान्‌पिढ्या राहणारं त्यांचं घराणं, बोरसीत त्यांचं घर, पोरींच्या शाळेत त्या मास्तरीण. त्यांची मराठी अशी इस्तरी केलेली का मले पहिल्या दिवशी वाटलं, हेच इंग्रजी असन. माह्या नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं सायकलवर त्यांच्याकडे जात होतो. मी मागं कॅरिअरवर बसे अन् शिकलेले शब्द त्याच्या पाठीले म्हणून दाखवे. रस्ता सारा खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्यात एक शब्द सांडे, अन् रुआबांध्यात पोचेपर्यंत मी कोरीच्या कोरी. तो म्हणे, एवढी कावून चिडून राहिली वो, भट्टीले नाही एवढी गरमी तुह्या डोक्याले आहे. मी त्याच्या पाठीत एक बुक्की हाणे. सायकल डुगडुगे, आम्ही दोघं हसत सुटू, अन् जो एखादा शब्द डोक्यात उरला असन तोही तिथंच पडे.

म्हंजे परीक्षा जवळ येऊन राहिली होती अन् मले ना अर्जंट लक्षात राहे, ना डिपार्टमेंट. एंगेज्डचा अर्थ लाइन गुंतलेली आहे, हे चारुलताबाईंनी मले इतक्या खेपा सांगतलं का त्यांच्या घरातली मोलकरीण ते शिकली. मी नाही शिकली.

मंग बाजूच्या खोलीत बारसं झालं. पाळणा हलला, घुगऱ्या वाटल्या, अन् बायकांनी मले पकडलं का नाव घे. आता आमच्याकडची रीत तुम्हाले माहीत असन. नवऱ्याचं नाव बाईनं उघडं घ्यायचं नाही. घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते. हाक मारायची तं अवो म्हणायचं, बाजारात चुकामूक झाली तं टाळ्या वाजवायच्या, पण नाव नाही. फक्त उखाण्यात गुंडाळून घेतलं तं चालते, तेही बायकांमध्ये, सणासुदीले, कोनी आग्रह केला तवा. दुसऱ्यांच्या बायका हे हसण्यावारी नेत असतीन. माहा माणूस रोज त्या भट्टीवर इतका उंच चढे का खालून पाहिलं तं मान दुखे. त्याचं आयुष्य मी कशाले कमी करू? माह्या मनात ती भीती खरी होती.

तं त्या बारशात बायका सोडत नाहीत, अन् डोक्यात तं सारे चारुलताबाईंचे शब्द. तोंडातून निघून गेलं:

“रिव्हर म्हंजे नदी, व्हिलेज म्हंजे गाव,
सासूबाईंच्या पुढ्यात घेते तेजरामचं नाव.”

बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या हसून हसून. पाळण्यातलं पोट्टं जागं झालं. सासू तेवढी हसली नाही, पण तिनं मले दुसऱ्यांदा घुगऱ्या वाढल्या. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवता पेटवता मले ध्यानात आलं का रिव्हर अन् व्हिलेज डोक्यात ठाण मांडून बसले आहेत. हलायले तयार नाहीत.

बस, मले रस्ता सापडला. प्रत्येक शब्द मी नवऱ्याच्या नावाले बांधू लागली. वर्क म्हंजे काम, रेस्ट म्हंजे आराम, शिफ्ट सुटली का घरी येतेत तेजराम. नळावर पाण्यासाठी रांग लागे, तिथं बायका मले शब्द मागत अन् मी जागेवर उखाणा करून देत होती. बायकांना असा नाद लागला का विचारू नका. रुआबांध्याच्या त्या नळावर पाणी आलं का एक म्हातारी इमर्जन्सी म्हणून ओरडे अन् सगळ्या घागरी घेऊन धावत. नळ गेला का कोनी म्हणे, एंगेज्ड झाला. सासू रांगेत उभी राहून तोंड वाकडं करे, अन् घरी आली का मले हळूच विचारे, ते सकाळचं काय होतं वो, परत म्हण बरं. मी म्हणे. ती म्हणे, काही कामाचं नाही, अन् विळ्याकडे पाहे.

चारुलताबाईंनी माही उजळणी घेतली तवा त्या हसून हसून रडल्या. मंग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, “मनकर्णा, सगळं येतंय तुला. फक्त परीक्षेत प्रत्येक शब्दाला नवरा लावू नकोस.”

परीक्षा दसऱ्यानंतर होती. नवऱ्याची पहिली पाळी, तो पहाटेच गेला. जाता जाता दारात थांबला, काही बोलायचं होतं त्याले, पण त्याची माय तिथंच बसली होती म्हून नुसतं हसून गेला. सासू माह्यासंग निघाली. कावून? तं तिनं दोघींच्या कपड्यांचं एकच गाठोडं बांधलं होतं, त्याच्यात तो विळा खोचला होता. म्हणे, तू नापास झाली का तिथूनच दुर्ग टेशनावर जाऊ, वापस खोलीवर येऊन कशाले पाय दुखवायचे. असं गाठोडं डोक्यावर घेऊन आम्ही दोघी ऑफिसात शिरलो. बाकीच्या पोरी वेण्या घालून, रुमाल हातात धरून बसलेल्या, केरळच्या, बंगालच्या. त्यांनी माह्याकडे पाहिलं, मंग विळ्याकडे, अन् सरकून जागा करून दिली.

माहा नंबर आला. हेडक्लार्क हरिभाऊ, रायपूरचे जुने मराठी माणूस, मले एका खोलीत घेऊन गेले. टेबलावर फोन. साहेब कुठं आहेत म्हटलं, तं म्हणाले, भिंतीच्या पलीकडं. परीक्षा फोनवरच होती, आवाज तारेतून कसा येते ते ऐकायले. मी रिसीव्हर कानाले लावला. कानातला डूल मधात आला, तो बाजूले सारला.

साहेबानं शब्द विचारायले सुरुवात केली. फर्नेस. मी मनातल्या मनात पूर्ण उखाणा धावत गेली, शेवटी तेजरामपाशी ब्रेक मारला, अन् मोठ्यानं फक्त भट्टी म्हटलं. अर्जंट, डिपार्टमेंट, रिपीट, एंगेज्ड. प्रत्येक शब्दामागं थोडा वेळ लागे, पण अर्थ बरोबर निघे. साहेब गुड म्हणे. मंग माहं नाव विचारलं, गाव विचारलं, मी इंग्रजीत सांगतलं. माय नेम इज मनकर्णा. मले वाटलं, झालं, जिंकली मी. साहेबालेही तसंच वाटलं असन, म्हून त्यानं सगळ्यात सोपा सवाल शेवटी ठेवला.

“व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?”

माही दातखीळ बसली. कागदावर ते नाव लिहिलेलं होतं, लिहायले काय, हात थोडाच बोलते? पण तोंडानं, उघडं, परपुरुषाले, सकाळच्या वेळी, अन् नवरा त्या घटकेले भट्टीवर चढलेला. उखाण्यात घेऊ म्हटलं तं हे काही बारसं नव्हतं. साहेबानं परत विचारलं. मी रिसीव्हर घट्ट धरून उभी. साहेब हॅलो म्हणे. मंग हॅलो हॅलो म्हणे. मंग त्यानं फोनचा खटका खटाखटा आपटला अन् भिंतीपलीकडून ओरडला का लाइन डेड झाली.

लाइनमन आला. त्यानं माह्या हातातून रिसीव्हर घेतला, डबा उघडला, फुंकर मारली, तार हलवली, हॅलो म्हणून पाहिलं, साहेबाशी बोलला. लाइन एकदम चोख होती. त्यानं रिसीव्हर मले वापस दिला. साहेबानं तोच सवाल विचारला. लाइन परत डेड. लाइनमन दाराबाहेर गेला होता, तो वापस आला. असं झालं तवा बाहेर बसलेल्या पोरीही डोकावून पाहू लागल्या, अन् लाइनमन मले म्हणे, बाई, तुम्ही फोनले करता तरी काय?

हरिभाऊ पलीकडं जाऊन आले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, साहेब म्हणतात या बाईला स्वतःच्या नवऱ्याचं नाव माहीत नाही, इंग्रजी समजत नाही, पाठ करून आली आहे, पुढच्या मुलीला बोलवा. अन् हे ते दारात उभं राहून म्हणाले, म्हंजे बाहेर बसलेल्या सासूनंही ऐकलं.

माह्या डोळ्यांपुढं तो विळा आला. धानाच्या बांध्या आल्या, सायकल आली, तिच्यावरची ती पाठ आली. मले रडू येणार, त्याच्याआधीच सासू आत आली. गाठोडं डोक्यावर तसंच. मले वाटलं, आता म्हणते का चल टेशनावर.

ती हरिभाऊंना म्हणे, नाव माहीत नाही म्हंजे काय? माह्या पोराले का नाव नाही? त्याच्या आज्यानं देवीपुढं पाच नारळ फोडून ठेवलं ते नाव. भट्टीवर सगळ्यात वर चढते तो, साऱ्या गावात त्याच्यासारखा गडी नाही, अन् त्याचं नाव माहीत नाही म्हणता? मंग ती माह्याकडे वळली.

“घे नाव. मी आग्रह करून राहिली. पण रीतीनं घे, अन् त्या साहेबाच्या भाषेत घे, म्हंजे त्याले समजन.”

सासूनं आग्रह केला म्हंजे रीत पूर्ण झाली. मी रिसीव्हर उचलला, पदर डोक्यावर घेतला, अन् त्या काळ्या भोंग्यात म्हटलं:

“मॉर्निंग इज कोल्ड, फर्नेस इज वार्म,
माय हजबंड्स नेम इज मिस्टर तेजराम.”

तिकडून काहीच आवाज नाही. मले वाटलं, आता खरंच डेड झाली. मंग भिंतीपलीकडून असं हसणं ऐकू आलं का फोनची गरज नव्हती. साहेब स्वतः उठून आमच्या खोलीत आला, चष्मा पुसत. हरिभाऊंनी त्याले सारी रीत समजावून सांगतली, आयुष्याची गोष्ट सांगतली, आग्रहाची सांगतली. साहेब ऐकता ऐकता गंभीर झाला. त्यानं हिंदीत विचारलं का एक्स्चेंजमध्ये तर दिवसभर नावंच घ्यावी लागतात, तिथं प्रत्येक वेळी सासूला आणणार का?

मी म्हटलं, “साहेब, दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं घ्यायले माहं काय जाते?”

हरिभाऊंनी ते हिंदीत सांगायच्या आधीच लाइनमन हसला. साहेबानं मले पास केलं. जाता जाता तो म्हणे, वन्स मोर. मी रिपीटचा अर्थ शिकली होती, म्हून परत म्हटलं.

सासूनं दारातच गाठोडं सोडलं, माहे कपडे काढून माह्या हातात दिले अन् स्वतःचे बांधले. विळा मात्र तिनं ठेवून घेतला, म्हणे नवा आहे, वाया कशाले घालवायचा. टेशनावर तिले सोडायले मी गेली. गाडी हलली तवा ती खिडकीतून म्हणे, उघडं नाव घेऊ नको हं, तो वर चढते. मी म्हटलं, नाही घेत.

एक्स्चेंजमध्ये माहं चांगलं जमलं. जिचे तिचे नवरे मी दिवसभर हाका मारून बोलावत होती. सिंग को दीजिए, नायर को दीजिए, अगदी कारखाना उभारायले आलेल्या रशियन साहेबांची लांबलचक नावंही, ती तं म्हणता म्हणता चहा थंड होई. जिभेले कुठं काही अडत नव्हतं. सासूचं म्हणणं मी पाळून होती. भट्टीचा फोन जोडताना तेवढी मी आधी पदर सावरे.

अन् मंग एक दिवस मेन ऑफिसमधून फोरमनचा फोन आला. घाईत होता. भट्टीखालच्या केबिनमध्ये लाव म्हणे, तेजराम कापगतेचं काम आहे, एकदम अर्जंट. मी केबिनची लाइन जोडली. तिकडं घरघर, घणाचे आवाज, मंग कोनी तरी रिसीव्हर उचलला अन् मोठ्यानं हॅलो म्हटलं. तो आवाज मी कितीही गोंगाटात ओळखला असता. त्यानं माहा आवाज ओळखला नव्हता.

आता कोन पाहिजे ते सांगणं माहं काम होतं. फोरमन एका कानात, माहा माणूस दुसऱ्या कानात. उखाणा जुळवायले वेळ नाही, आग्रह करायले सासू नाही. पण एक गोष्ट मले समजली. तो त्या घटकेले वर चढलेला नव्हता. तो केबिनमध्ये होता, जमिनीवर, फोन कानाले लावून. म्हून मी डोळे मिटले अन् म्हटलं, “तेजराम कापगते, तुमच्यासाठी फोन आहे.”

तिकडं घण वाजत राहिले. मंग तो लय हळू आवाजात म्हणे, “परत सांगा. आइकू नाही आलं.”

मी परत घेतलं.

“लाइन खराब दिसते,” तो म्हणे. “आणखी एक डाव.”

मी आणखी एक डाव घेतलं. तिकडून फोरमन वैतागून हॅलो हॅलो करून राहिला होता अन् विचारत होता का लाइन डेड आहे काय. मी त्याले इंग्रजीत सांगतलं, प्लीज वेट, लाइन एंगेज्ड. अन् खरं सांगते, त्या लाइनीत काहीच खराबी नव्हती.